देशी रोपं दर वर्षी वाळतात? ती कोणत्या महिन्यात गेली, ते आधी बघा

तक्रार नेहमीची आहे. जूनमध्ये बहावा, पळस, आपटा, करंज, सीता अशोक अशी दहा-बारा रोपं लावली. दिवाळीपर्यंत टवटवीत होती. शिमग्याला बघावं तर निम्म्यांच्या काटक्या झालेल्या. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत नवी रोपं, आणि पुढच्या शिमग्याला पुन्हा तेच. तीन-चार वर्षं असं झालं की माणूस कंटाळतो आणि कुंपणाला टिकोमा नाहीतर गुलमोहर लावून मोकळा होतो.

यात गोंधळ एका वाक्याने केलेला आहे: "देशी झाडाला काही करावं लागत नाही." हे खरं आहे, पण तिसऱ्या पावसाळ्यानंतर. तोवर मुळं खोल गेलेली नसतात आणि पिशवीतलं रोप हे पिशवीतलंच रोप असतं, मग ते इथलं असो वा मादागास्करचं. जंगलात बी पडतं तिथेच रुजतं. त्याचं सोटमूळ पहिल्या पावसातच खाली घुसतं आणि वरचा भाग मागाहून वाढतो. आपण नेमका हाच क्रम उलटा केलेला असतो: वर दोन फूट पालवी, खाली सहा इंचांच्या पिशवीत वेटोळं झालेलं मूळ.

पुढचं सगळं प्रामुख्याने पुणे, सातारा, नगर, सोलापूर, नाशिक आणि मराठवाडा या पठारी, कमी पावसाच्या भागासाठी आहे. कोकणातल्या जांभ्यावर काही गोष्टी बदलतात, त्या त्या ठिकाणी सांगितल्या आहेत. रोप का गेलं हे शोधताना पानांचे डाग बघण्याआधी महिना बघायचा. नव्याने लावलेल्या रोपाच्या बाबतीत निम्मं निदान तिथेच होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलं: पाणी साचलं किंवा हुमणी लागली

भर पावसात रोप मान टाकतं तेव्हा बहुतेक जण म्हणतात, "पाणी कमी पडलं असेल," आणि वरून आणखी घालतात. माती ओली असताना पानं लोंबत असतील तर मुळांना हवा मिळत नाहीये. पानं खालून पिवळी पडत जातात, खोड जमिनीलगत काळपट आणि मऊ होतं, माती उकरली तर गटारासारखा वास येतो.

याचं मूळ बहुतेक वेळा खड्ड्यात असतं. मुरमात किंवा खडकात दोन फुटांचा गुळगुळीत भिंतींचा खड्डा घेतला आणि त्यात काळी माती व शेणखत निम्मंनिम्म भरलं, की तो जमिनीत पुरलेला हौद होतो. पावसाचं पाणी आजूबाजूच्या मुरमावरून वाहत येऊन त्यात जमतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. हाच खड्डा मार्चमध्ये उलटा वागतो: आतली भुसभुशीत माती लवकर सुकते आणि मुळं त्या मऊ मातीतच फिरत बसल्यामुळे बाहेरच्या मुरमातली ओल त्यांना मिळत नाही. म्हणजे जुलैचं आणि एप्रिलचं मरण एकाच खड्ड्यातून येतं. खत वाढवून हा दोष जात नाही, उलट वाढतो.

खड्डा तपासायची रीत सोपी आहे. मेमध्ये खड्डा घेतला की तो पाण्याने काठोकाठ भरा, जिरू द्या आणि लगेच पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी तासाला दोन-तीन सेंटिमीटर तरी उतरली पाहिजे. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसत असेल तर तळात पहारेने तीन-चार ठिकाणी फूटभर खोल भोकं पाडा. कातळ लागला आणि पहार जात नसेल, तर उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापासून बाहेर एक चर काढा. तेही शक्य नसेल तर ती जागा झाडाची नाही. तिथे धायटी, कोरांटी, मुरुडशेंग यांसारखी झुडपं लावा, त्यांना उथळ आणि खडकाळ जमीन चालते.

भराई अशी करा. झाडासाठी खड्डा ६० × ६० × ६० सेंटिमीटर, झुडपासाठी ४५ पुरेसा. खड्डा गोल घेऊ नका, चौकोनी घ्या आणि भिंती टिकावाने ओबडधोबड करा. गोल, गुळगुळीत खड्ड्यात मुळं भिंतीला लागून फिरत राहतात, कोपऱ्यातून आणि भेगांतून ती बाहेर शिरतात. निघालेलीच माती परत भरायची, मोठे दगड तेवढे काढायचे. तिच्यात पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक घमेलं, फार तर दीड, आणि निंबोळी पेंड २०० ते २५० ग्रॅम. बस. निव्वळ मुरूम असेल तर चौथा हिस्सा गाळाची माती मिसळा. पोयटा, गांडूळखत, कोकोपीट आणि डीएपी एकत्र ओतून केलेली मेजवानी गुलाबाला ठीक आहे, पळसाला नाही.

काळ्या चिकण जमिनीत खड्डा करून भागतच नाही. तिथे आजूबाजूची माती ओढून १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा आणि मीटरभर रुंदीचा उंचवटा करा व रोप त्यावर लावा. पावसाळ्यात पाणी बुंध्यापाशी थांबत नाही.

दुसरा संशयित हुमणी. ओळखायची खूण अशी की रोप ओढलं तर सहज हातात येतं, मुळं कुरतडलेली असतात आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरट अंगाची, तांबूस डोक्याची जाड अळी सापडते. कच्चं शेण हे तिचं आवडतं घर. उकिरड्याच्या तळाचं, अर्धवट कुजलेलं खत खड्ड्यात टाकलं की हुमणी आपणच आणून ठेवतो. खत टाकण्याआधी सावलीत पसरून हाताने चाळून घ्या. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. तेव्हा खाली चादर पसरून फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. खत मेटारायझियम बुरशीची भुकटी मिसळून आठवडाभर ओलसर ठेवलं आणि मग वापरलं तर पुढच्या वर्षीही उपयोग होतो.

पानं चाळणीसारखी झाली, पण रोप मेलं नाही

हे जुलै ते सप्टेंबरमध्ये घडतं आणि औषध मारण्याची घाई इथेच होते. बहाव्याची पानं दोन दिवसांत फस्त करणाऱ्या हिरव्या अळ्या एमिग्रंट फुलपाखरांच्या असतात. कढीपत्त्यावरच्या कॉमन मॉर्मनच्या, रुईवरच्या पट्टेरी अळ्या प्लेन टायगरच्या. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मन लिंबू आणि माकडलिंबाच्या पानांवर वाढतं. देशी झाडं लावण्याचा सर्वांत दिसणारा फायदा हाच आहे. पानं खाल्ली जात नसतील तर बागेत फुलपाखरं नुसती मध प्यायला येऊन जातील, राहणार नाहीत. या अळ्यांना शिंजीर, वटवटे आणि गांधीलमाश्या खातात, तेव्हा आठ-दहा दिवस थांबलं की गर्दी आपोआप ओसरते.

तीन फुटांवरचा बहावा सगळी पानं गेली तरी तीन-चार आठवड्यांत पुन्हा फुटतो. दोन फुटांखालच्या रोपाचं मात्र खरंच नुकसान होतं. त्याच्यावरच्या अळ्या पानासकट उचलून मोठ्या बहाव्यावर किंवा टाकळ्यावर ठेवा, कारण त्यांतल्या एका जातीला टाकळ्याची पानंही चालतात.

सगळंच मात्र फुलपाखराच्या नावावर खपवू नका. कळलावीच्या पानांवर काळ्या अंगावर लाल आणि पांढरे ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर त्या पतंगाच्या असतात. त्या वेल शेंड्यापर्यंत साफ करतात, त्या हाताने वेचून काढाव्याच लागतात. (हातमोजे घाला. कळलावी मुळापासून बीपर्यंत विषारी आहे, लहान मुलं आणि जनावरं असलेल्या घरात ती लावूच नये.) पांगाऱ्याची कोवळी पानं आणि देठ गाठाळून वेडेवाकडे झाले असतील तर ते गाठी करणाऱ्या बारीक गांधीलमाशीचं काम. ते शेंडे गाठींखालून कापून जाळा आणि अशा झाडाची छाटकलमं कोणाला देऊ नका. करंजाच्या पानांवर येणारे फोड कोळ्याच्या जातीच्या अतिसूक्ष्म किडीचे असतात. दिसायला वाईट, झाडाला जवळपास निरुपद्रवी. त्यावर पैसे खर्च करू नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलं: उशिरा लावलं होतं

वृक्षारोपणाचे कार्यक्रम ऑगस्टमध्ये होतात, कारण तेव्हा सुट्टी असते आणि फोटोत हिरवळ चांगली येते. रोपाच्या दृष्टीने तो महिना उशिराचा. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर खोल भिजली की लावणी सुरू करावी आणि आर्द्रा-पुनर्वसूत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, संपवावी. तेव्हा लावलेल्या रोपाला हस्ताचा पाऊस संपेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, साडेतीन महिने मिळतात. स्वातंत्र्यदिनाला लावलेल्याला दीड महिना. मग ऑक्टोबरचं ऊन लागतं आणि मुळं अजून पिशवीएवढ्याच मातीत असतात.

सप्टेंबरमध्ये कोणी भेट म्हणून रोप दिलं तर ते जमिनीत लावू नका. एक माप मोठ्या पिशवीत किंवा बादलीत हलवा, अर्ध्या उन्हात ठेवा, पुढच्या जूनपर्यंत सांभाळा.

ऑक्टोबरमध्ये पानांच्या कडा करपण्याचं आणखी एक कारण असतं. रोपवाटिकेतलं रोप हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. ते आणून थेट उघड्यावर लावलं की पावसाळ्यात ढग असेपर्यंत चालतं आणि आकाश मोकळं झालं की भाजतं. लावण्याआधी दहा-पंधरा दिवस सकाळच्या उन्हात ठेवून सवय लावा. लावून झालं असेल तर पश्चिमेच्या बाजूने दोन काठ्यांवर गोणपाट बांधा, डोक्यावर काही नको.

याच सुमारास शेतं मोकळी होतात आणि शेळ्या हिंडायला लागतात. निर्गुडी आणि अडुळशाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. दोन्ही पावसाळ्यात छाटकलमांनी लागतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, आठ-नऊ इंचांची, दोन डोळे मातीत आणि दोन वर, फूटभर अंतरावर दोन ओळींत लावत गेलात तर दोन वर्षांत कुंपण उभं राहतं. निर्गुडीच्या जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या दिवसभर असतात, म्हणजे शेजारच्या भोपळ्या-दोडक्याचं परागीभवनही सुधारतं.

जानेवारी ते मार्च: उपटण्याआधी नखाने खरवडा

दर वर्षी मेलेली म्हणून उपटली जाणारी कितीतरी रोपं जिवंत असतात. पठारावरचं जंगल पानझडीचं आहे. पळस, पांगारा, काटेसावर, शिवण, सालई, पांढरा कुडा ही सगळी कोरड्या दिवसांत पानं टाकतात. मोठ्या झाडाची पानगळ आपण ओळखतो, दीड फुटी रोपाची ओळखत नाही.

पळस यात सर्वांत फसवा. त्याच्या रोपाचा वरचा भाग पहिली काही वर्षं उन्हाळ्यात खुशाल वाळून जातो आणि मूळ मात्र गाजरासारखं जाड होत राहतं. पावसाला पुन्हा नवा कोंब येतो, पुन्हा वाळतो. मूळ पुरेसं माजलं की मग एका वर्षी कोंब टिकतो आणि झाड झपाट्याने वर जातं. तोवर त्याला "वाढत नाही" म्हणून काढून टाकणं सोपं असतं.

तपासणी अशी. खोडाची साल शेंड्याजवळ नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर चार बोटं खाली येऊन पुन्हा खरवडा. असं जमिनीपर्यंत या. जिथे हिरवं लागेल त्याच्या वर अर्धा इंच ठेवून वाळलेला भाग कापा. जमिनीपर्यंत काहीच हिरवं नसलं तरी पळस, पांगारा, मुरुडशेंग यांच्या बाबतीत जुलैच्या मध्यापर्यंत वाट बघा.

पानं गळलेल्या रोपाला घाबरून रोज पाणी घालणं हा दुसरा घात. पान नाही म्हणजे पाणी ओढणारं कोणी नाही, मुळं कुजतात. त्या काळात पंधरा दिवसांतून एकदा पुरे. कळलावी आणि रानहळद तर नोव्हेंबरनंतर जमिनीवर दिसतही नाहीत, सगळा जीव कंदात असतो. ती जागा खुणेचा दगड ठेवून कोरडी सोडून द्या. कुंडीत असतील तर कुंडी वळचणीला सरकवा. कळलावीचा कंद उकरायचाच झाला तर त्याच्या टोकाशी असलेला डोळा जपा, तो मोडला तर कंद बहुधा पुन्हा फुटत नाही.

मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत: पाण्याचा हिशेब चुकतो

सर्वांत जास्त रोपं याच काळात जातात, आणि पाणी घालूनही जातात. रोज संध्याकाळी पाइप धरून प्रत्येकाला तांब्या-दोन तांबे पाणी दिलं की वरची दोन बोटं माती ओली दिसते. मुळं त्या ओलीच्या मागे वर येतात आणि मग एका लग्नाला चार दिवस गावाला गेलात की संपलं. पाणी क्वचित द्या पण भरपूर द्या.

पहिल्या वर्षाचं माप असं धरा. हस्ताचा पाऊस थांबल्यापासून जानेवारीअखेर दर १० ते १२ दिवसांनी १५ लिटर. फेब्रुवारी-मार्चमध्ये दर ७-८ दिवसांनी १८ ते २० लिटर. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत दर ५-६ दिवसांनी २० लिटर. बेरीज केली तर एका झाडाच्या रोपाला पहिल्या कोरड्या हंगामात साडेपाचशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. मुरमाड जमिनीत अंतर थोडं कमी करा, काळ्या जमिनीत वाढवा. वर सांगितल्याप्रमाणे ज्यांची पानं गळली आहेत त्यांना यातून वगळा. झुडपांना याच्या निम्मं पुरतं.

रोपं किती आणायची हे या आकड्यावरून ठरवा. टाकीत हंगामाला पाच हजार लिटर मोकळं असेल तर नऊ झाडं लावा, पंचवीस लावू नका. पंचवीस लावून चार जगवण्यात खर्चही जास्त होतो.

आळं खोडाला लागून करू नका. खोडापासून वीतभर अंतर सोडून मीटरभर व्यासाचं गोल आळं करा, बुंधा किंचित उंच राहू द्या. त्यात तीन-चार इंच जाड आच्छादन टाका: पालापाचोळा, वाळलेलं गवत, उसाचं पाचट, काहीही. आच्छादन खोडाला टेकता कामा नये, चार बोटं जागा मोकळी ठेवा. काळ्या जमिनीत याचं महत्त्व दुप्पट, कारण तिथे एप्रिलमध्ये भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. पडलेल्या भेगा खुरप्याने माती ओढून बुजवा आणि वर आच्छादन घाला.

बाग लांब असेल, आठवड्यातून एकदाच जाणं होत असेल, तर मडकं पुरा. कच्च्या भाजणीचं, रंग न दिलेलं सात-आठ लिटरचं मडकं, रोपापासून फूटभर अंतरावर, तोंड जमिनीच्या वर दोन बोटं राहील असं. वर झाकण हवं, नाहीतर डास होतात. पाझर मंद असतो म्हणून पाणी वाया जात नाही. बोअरचं पाणी जड असेल तर वर्षभरात मडक्याची छिद्रं क्षारांनी बुजतात. पाझर थांबला की मडकं बदलायचं.

वाळवीही याच दिवसांत दिसते. खोडावर मातीचं पापुद्र्यासारखं लिंपण दिसलं की हाताने खरडून काढा आणि खाली जमिनीत ओल वाढवा. वाळवी मुख्यतः कोरड्या, मरगळलेल्या रोपावर चढते, क्वचितच ठणठणीत रोपावर. आळ्यात लाकडाचे तुकडे, कच्चं शेण, रोपाला आधार म्हणून रोवलेला जुना बांबू यांतलं काहीही असेल तर ते आधी बाहेर काढा.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अचानक गेलं: मुळांची गुंडाळी

सर्वांत चटका लावणारं मरण हे. रोप पाच फुटांचं झालेलं, सगळं ठीक, आणि एका उन्हाळ्यात पंधरा दिवसांत वाळतं किंवा वाऱ्याने बुंध्यातून आडवं होतं. उपटून बघितलं की पिशवीच्या आकाराचं मुळांचं वेटोळं जसंच्या तसं सापडतं. मूळ जाड होत गेलं आणि स्वतःच्याच गळ्याभोवती आवळलं. यावर नंतर काही उपाय नाही. तो खरेदीच्या दिवशी आणि लावणीच्या दिवशीच करायचा.

विकत घेताना उंच रोपाच्या मोहात पडू नका. लहान पिशवीत पाच फुटांचं रोप म्हणजे ते दोन-तीन वर्षं तिथे अडकलेलं आहे. दीड-दोन फुटांचं, एका पावसाळ्यापूर्वीचं, पिशवीच्या बुडातून मूळ बाहेर न आलेलं रोप घ्या. आलेलं असेल तर ते रोपवाटिकेच्या जमिनीत गेलेलं असतं आणि उचलताना तुटतं.

लावताना पिशवी उभी चिरून पूर्ण काढा. "कुजून जाईल" म्हणून प्लास्टिकसकट लावलेली रोपं आजही सापडतात. मग मातीच्या गोळ्याचा तळाचा अर्धा इंच धारदार सुरीने सरळ कापून टाका आणि बाजूंनी तीन-चार उभे काप द्या, अर्धा इंच खोल. दया येते, पण कापलेल्या टोकापासून नवी मुळं सरळ बाहेर जातात. पिशवीतली माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच पुरा. बुंधा दोन इंच जास्त खोल गेला तरी साल सडते. पायाने दाबून माती बसवा आणि लगेच पाणी द्या.

पळस, बहावा, आपटा यांच्यासाठी मुळांचा प्रश्न टाळायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे बी जागेवरच टोकणं. पळसाची चपटी शेंग मेमध्ये गोळा करून पहिल्या पावसाआधी इंचभर खोल टोका, ते बी जुनं झालं की रुजत नाही. बहाव्याचं बी उलट आहे: टणक कवचामुळे तसंच पेरलं तर महिनोन्महिने नुसतं पडून राहतं. उकळून आचेवरून उतरवलेल्या पाण्यात बी टाका, तसंच गार होऊ द्या, चोवीस तास ठेवा. जे फुगलं ते पेरा, जे फुगलं नाही ते पॉलिश पेपरवर एका बाजूने घासून पुन्हा भिजवा. जांभूळ आणि करवंदाचं बी वाळवून डबीत ठेवलं की गेलंच, फळ खाल्लं त्याच आठवड्यात पेरायचं. एकेका जागी तीन बिया टोका आणि दुसऱ्या पावसाळ्यात सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची कापा. उपटू नका, शेजारच्या मुळांना धक्का बसतो.

महिना कोणताही असो, झाडच चुकीचं असेल तर

महाराष्ट्राचं झाड म्हणजे तुमच्या गावाचं झाड असं होत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. घाट उतरून वाईत आलात की त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही नाही. सीता अशोक ओढ्याकाठच्या सावलीतला. सोनचाफा, सुरंगी, नागकेशर दमट हवेतले. राज्यफूल असलेला ताम्हण पाण्याजवळचा. सोलापुरात किंवा बीडला ही सगळी "देशी" म्हणून उघड्या माळावर लावली जातात आणि तिसऱ्या वर्षीही टँकर चालू असतो. ती लावायचीच असतील तर घराच्या पूर्वेला, सांडपाण्याच्या वाटेवर, दुपारची सावली मिळेल अशी एखादी लावा.

अशा झाडांचा आजार ओळखीचा आहे: नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. चुनखडीच्या जमिनीत आणि जड पाण्यात लोह असूनही मुळांना घेता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. पानं हिरवी होतात, पुढची पालवी परत पिवळी येते, कारण जमीन तीच असते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्यावर हा त्रास सहसा येत नाही. तिथे हीच झाडं मजेत वाढतात आणि उंडी, सुरंगी, बकुळ यांनी परसबाग भरता येते.

कोरड्या पठारावर कमी कटकटीची यादी वेगळी आहे. मोठ्या जागेत कडुनिंब, करंज, हिवर, बाभूळ, पळस. बंगल्याच्या आवारात बहावा, आपटा, काळा कुडा. कुंपणाला करवंद, निर्गुडी, अडुळसा. खडकाळ कोपऱ्यात धायटी, मुरुडशेंग आणि पिवळी कोरांटी, ज्यांच्यासाठी शिंजीर स्वतःहून येतात. उंबर आणि पिंपळ पक्ष्यांसाठी फार मोलाचे, पण भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून किमान दहा मीटर दूर.

साताऱ्याजवळच्या कास पठारावरून सोनकी किंवा इतर फुलझाडं उपटून आणण्याचा विचारही नको. ते बेकायदा आहेच, शिवाय हजार मीटरवरच्या जांभ्यावरच्या पातळ मातीची, धुक्याची ती झाडं खालच्या बागेत एक हंगामही काढत नाहीत. तेरडा हवा असेल तर त्याचं बी गावोगावी मिळतं. एकदा टाकला की दर पावसाळ्यात स्वतःच उगवतो.

नाव बघून घेतलेलं रोप भलतंच निघणं हाही जुना त्रास आहे. "अशोक" म्हणून मिळतो तो बहुधा उभा, लांब लहरी पानांचा आसुपालव. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं आणि कोवळी पालवी तांबूस, लोंबती. "बहावा" मागितला तर कासोद हातात पडतो. बहाव्याच्या पर्णिका मोठ्या, हाताच्या बोटाहून लांब आणि टोकदार, चार ते आठ जोड्या. कासोदाच्या लहान, गोलसर टोकाच्या आणि संख्येने जास्त. "आपटा" म्हणून कांचन देतात. आपट्याचं पान जाडसर, लहान, लांबीपेक्षा रुंदी जास्त. पिवळी टिकोमा आणि बिट्टी ही दोन्ही अमेरिकेकडून आलेली, कोणी काहीही सांगो.

जगलं, पण फुलत नाही

हिरवळीच्या फवाऱ्याखालचा बहावा पाला भरपूर देतो आणि फुलं मोजकी. चौथ्या वर्षापासून त्याचं हिवाळी पाणी बंद करा, युरिया कधीच देऊ नका. पेरल्यापासून पहिला बहर यायला सहा-सात वर्षं सहज लागतात, तेव्हा तीन वर्षांच्या झाडाला दोष देण्यात अर्थ नाही. धायटी आदल्या हंगामातल्या फांद्यांवर फुलते. नोव्हेंबरमध्ये तिला कातरून नीटनेटकी केली तर त्या वर्षीचा बहर कातरीबरोबर गेला. छाटणी फुलं संपल्यावर, पावसाच्या तोंडावर. कारवीची तर गोष्टच निराळी: आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली होती. तुमच्या बागेतली कारवी फुलल्यानंतर वाळली तर तिचं काही बिघडलेलं नाही. वाळलेल्या बोंडांतून बी खाली पडू द्या, त्या जागी खुरपणी करू नका.

त्याच खड्ड्यात पुन्हा लावण्यापूर्वी

मेलेलं रोप ओढून फेकून देऊ नका, फावड्याने मातीच्या गोळ्यासकट उचला आणि पाण्याच्या बादलीत धुऊन मुळं बघा. वेटोळं असेल तर खड्डा निर्दोष, रोपवाटिका बदला. मुळं काळी आणि साल सुटणारी असतील तर पाणी साचलं होतं, तळ फोडा. कुरतडलेली असतील तर हुमणी, सगळी माती बाहेर काढून मेच्या उन्हात पसरा. मुळं धडधाकट, फक्त वाळलेली आणि पिशवीच्या मातीबाहेर एक इंचही न गेलेली असतील तर लावणी उशिरा झाली होती किंवा पाणी वरवर दिलं गेलं होतं. खड्डा रिकामा, उघडा ठेवून किमान महिनाभर तापू द्या, निघालेलीच माती परत भरा आणि रोपाऐवजी या वेळी तीन बिया टोकून बघा.